एक वीस आणि एक वीस

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पाचवीला नव्याने आलेल्या पोरांना ते पहिल्याच आठवड्यात कळतं. कडेगावजवळच्या आमच्या हायस्कुलात ही पोरं वाड्यावस्त्यांवरच्या चौथीपर्यंतच्या शाळांतून येतात, बुजलेली असतात, आणि खरं सांगायचं तर मला फार आवडतात. फक्त ते मी त्यांना कळू देत नाही.

त्यातली एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर. वस्तीवरच्या शाळेत ती गणितात पहिली होती आणि इथंही तिला पहिलंच यायचं होतं.

मग दशांश अपूर्णांक आले. चाचणीत १.२० अधिक १.२० दिलं होतं. नेहमी काठावर पास होणाऱ्यांनीही २.४० लिहिलं. हिनं लिहिलं, ३. मी तिची वही उंच धरून वर्गाला दाखवली. "बघा, पहिल्या नंबरच्या बाईसाहेबांचं गणित!" पोरं खो खो हसली.

त्यानंतर तिचा हात वर झाला नाही. विचारलं तरी मान खाली. मला चुकल्यासारखं वाटायचं, पण कबूल कोण करणार?

पंधरा दिवसांनी पालकसभेला तिची आई आली, शेतातली भांगलण, म्हणजे तण काढायचं काम, टाकून, घाईघाईत.

"आवं बाई, पोरगी म्हणतीया मला गणित येत न्हाई, शाळाच नको. घरात तर लय हुशार हाय. रानाची समदी मोजणी तिला तोंडपाठ."

"कसली मोजणी?"

"पाटावरचं रान एक वीस, पाटाखालचं एक वीस. तीन एकर."

मला तिचं ते ३ आठवलं. माझे वडील कुपवाडच्या कारखान्यात लेथवर होते. आमच्या घरी पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा दशांश. इथं मात्र एक एकर वीस गुंठे रान लोक सरळ १.२० असं लिहितात. वीस नि वीस चाळीस गुंठे, म्हणजे आणखी एक एकर. पोरीनं रान मोजलं होतं आणि अगदी बरोबर मोजलं होतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, "त्या दिवशी हिचं उत्तर मलाच कळलं नव्हतं. मी हसायला नको होतं." मग फळ्यावर दोन्ही रीती मांडल्या. गुंठ्यांत चाळीस झाले की एक पुरा होतो, दशांशात शंभर झाले की. खाली नवं गणित लिहिलं: २.३५ अधिक १.१५.

ती बाकाकडे बघत बसलेली. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी बघितली. बऱ्याच वेळाने तिचा हात उठला, जेमतेम खांद्यापर्यंत.

"बाई, एकरात सांगू का पॉइंटात?"

"दोन्हीत सांग," मी म्हणाले.

"चार एकर धा गुंठं," ती उभी राहून म्हणाली. "आन् पॉइंटात साडेतीन."