दुखवट्याच्या यादीतलं नाव

नगरच्या दैनिकात अकरा वर्षं बातमीदारी करून कानिफनाथ दहिफळे प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात प्रसिद्धी अधिकारी झाला, तेव्हा जुने सोबती म्हणाले, "वाघ गवत खायला लागला." खोटं कशाला बोला, गवत बरं होतं. पगार वेळेवर, राहायला खोली आणि चेअरमन आप्पासाहेबांचं प्रत्येक भाषण याच्या हातचं. आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून टाळ्या वाजवायच्या, याची त्याला मनापासून लाज वाटायची. पण घरात खाणारी चार तोंडं होती.

एकाहत्तरच्या हंगामात पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली साळूबाई कारखान्याच्या फाटकातच उलटलेल्या गाडीखाली सापडून गेली. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा भीमा पुन्हा कोयता घेऊन फडात उभा. कुठं एक ओळ छापून आली नाही.

वार्षिक सभेत पहिला ठराव दुखवट्याचा. वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचायची, सभेनं उभं राहायचं. कानिफनाथनं यादीत साळूबाईला घातलं. आप्पासाहेबांनी लाल पेन्सिलीनं तिला खोडलं.

"ती सभासद न्हाई, कामगार न्हाई. टोळीवाली हाय. उद्या पेपरवाले इचारतील, मेली कशी?"

"विचारू द्या की."

"दहिफळे, आमचं मीठ खाताय तुमी. इसरू नका."

सभेच्या दिवशी मांडवात तीन हजार सभासद उभे राहिले. आप्पासाहेबांनी यादी संपवली, तोच कानिफनाथनं माइक ओढला.

"एक नाव राहिलं. साळूबाई भीमा बडे, तालुका पाथर्डी. आपला ऊस तोडायला आली आणि आपल्याच फाटकात गाडीखाली मेली."

आता मेलेल्या बाईचं नाव घेतल्यावर 'खाली बसा' म्हणायची कुणाची छाती? सगळी सभा तशीच उभी राहिली. आप्पासाहेबही झक मारत मान खाली घालून उभे राहिले. कानिफनाथनं माइक पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला.

सभा उठल्यावर आप्पासाहेबांनी त्याच्यापुढं कोरा कागद सरकवला. "राजीनामा लिव्हा. कारण प्रकृतीचं घाला."

"प्रकृती ठणठणीत आहे," कानिफनाथ म्हणाला आणि त्यानं उभ्यानंच लिहिलं: 'साळूबाईचं नाव वाचलं म्हणून मला नोकरी सोडायला सांगितलं आहे.' खाली ठसठशीत सही ठोकली.

"घ्या आप्पासाहेब. आजवर तुमच्या नावानं लिहिलं. हे माझ्या नावानं."