चहा नको, पाणी द्या

"चहा नको, पाणी द्या." देवासच्या कुठल्याही कारखान्यात गेलं की आमच्या बाईंचं पहिलं वाक्य हेच. मॅनेजरनं बिस्किटांची बशी पुढे केलेली असायची आणि बाई पदर खोचून पाण्याची वाट बघत बसायच्या.

त्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या, आणि मी त्यांचा मदतनीस, नमुन्याच्या बाटल्यांची पेटी सांभाळणारा. ग्लास आला की बाई आधी वास घेत, पाणी त्यांना वासावरूनच कळे. "गोड आहे हो. कुठलं?" शिपाई बिचारा खरं सांगून टाकायचा, की सोनकच्छच्या वाटेवरच्या विहिरीचं, टँकरनं येतं. "मग तुमच्या बोअरचं काय झालं?" यावर मॅनेजर छताचा पंखा न्याहाळायला लागायचा. असे मॅनेजर तुम्हीही पाहिले असतील.

ऐंशीच्या आसपासचे दिवस. महाराष्ट्रातून आलेली आमची घरं या कारखान्यांवरच चालायची, त्यामुळे बाईंचा हा उद्योग कुणाला रुचत नसे. गणपतीच्या आरतीला एका वहिनींनी त्यांना सुनावलं, आपल्याच माणसांच्या पोटावर पाय का देता म्हणून. बाईंनी शांतपणे प्रसाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जीप काढली.

एका कारखान्यामागच्या वस्तीत विहिरीचं पाणी तांबूस झालं होतं. तिथंही बाईंनी पाणीच मागितलं. घरधनिणीनं लोटा भरून आणला, पण पिऊ नका म्हणत हातात देईना. "बेनजी, तम मती पीजो. हमारे तो आदत पड़ी गी."

बाईंनी त्याच लोट्यातून बाटली भरली. माझं डोकं आजही भणभणतं. विहीर नासवणारे टँकरचं गोड पाणी पीत होते, आणि जिची विहीर नासली ती पाहुणीला जपत होती.

अहवालात बाईंनी स्वच्छ लिहिलं की हे पाणी पिण्यालायक नाही, कारखान्याचा नाला बंद करा आणि वस्तीला नळ द्या. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो अहवाल दाबून ठेवला. मग बाईंच्याच बदलीचा हुकूम आला, उदयनगरला, जंगलातले हातपंप तपासायला. साहेब म्हणाले, तेवढाच हवापालट होईल. निर्लज्जपणाला पगार मिळतो तो असा.

निरोपाला शाल, नारळ, समोसे सगळं होतं. साहेबांनी बाईंच्या सचोटीवर भाषण ठोकलं. मग चहा आला.

"चहा नको, पाणी द्या."

भर उन्हाळा होता. शिपायानं गारेगार ग्लास आणून दिला. बाईंनी वास घेतला. "गोड आहे. कुठलं हो भिया?"

तो साहेबांकडे बघत घुटमळला. "टैंकर का है, मैडम. कारखानेवाले अब अपने यहाँ भी भिजवा देते हैं."

बाईंनी तो भरलेला ग्लास साहेबांच्या पुढ्यात ठेवला, आम्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेल्या. शाल खुर्चीवरच राहिली. त्यानंतर त्या मला कधी भेटल्या नाहीत. वस्तीला नळही माझ्या नोकरीत आला नाही.

त्या दिवशीचे समोसे तिखट होते. साहेबांना जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण आमच्या देखत त्या ग्लासाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.