पडद्यामागचं टेबल

मस्कतला, अल् खुवैर भागात, आमच्या बिल्डिंगखाली एक कॅफेटेरिया होता. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. तिथला चहा असा दाट की चमचा उभा सोडला तर तो सावधानमध्ये उभा राहायचा. चालवणारा केरळचा, सगळी गल्ली त्याला चेट्टन, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची. बाहेर गाड्यांची रांग. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न मारायचा, चहा खिडकीशी येतो, हा तिथला रिवाज. चेट्टन नुसत्या हॉर्नवरून साखर ओळखायचा. मधुमेहवाल्याचा हॉर्न म्हणे जरा कोरडा वाजतो.

आत एकच टेबल, एसीच्या बरोबर खाली. ते आमचं. मी, मालवणकडचा एक एसी मेकॅनिक आणि नागपूरचा एक इंजिनियर. गाडीत चहा पिणाऱ्यांना आम्ही माणसांत धरत नव्हतो. त्या टेबलावर बसून आम्ही तेलाचे भाव पाडले, क्रिकेटची टीम निवडली आणि कोकण रेल्वे थेट ओमानच्या सोहार बंदरापर्यंत आणली. सगळं एकेका चहावर. घरी मी याला 'मीटिंग' म्हणत असे. खोटं नव्हतंच ते. ऑफिसात साहेब मला मधेच तोडायचे, घरी बायको, आणि पोरगी तर इंग्रजीत तोडायची. अख्ख्या मस्कतमध्ये ती एकच खुर्ची, जिच्यावर माझं वाक्य पूर्ण व्हायचं.

एके संध्याकाळी चेट्टन टेबल पुसता पुसता म्हणाला, "अर्बाब बोला, टेबल खलास. शुक्रवार के बाद इधर आईस्क्रीम का फ्रीज."

अर्बाब म्हणजे मालक. त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पण चेट्टनला जे स्वतः बोलायचं नसे, ते सगळं अर्बाब बोलायचा.

मालवणवाला भडकला. "मेल्या, फ्रीज बिघडलो की कोणाक बोलवतलंस? माकाच मां?"

चेट्टनने त्याच्या कोपराखालून फडकं फिरवलं आणि तो गेला.

नागपूरकराने डोकं चालवलं. "अबे, टेबल रिकामं दिसते म्हणून जाते. शुक्रवारी घरच्यांना आणू. भरल्या टेबलाले कोण हात लावते बे?"

शुक्रवारी तिन्ही घरं उतरली. माझी पोरगी खुर्चीवर चढून ओरडली, "बाबा, धिस इज युअर मीटिंग रूम?" बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वरच्या एसीकडे, आणि पराठे मागवले. मग आमलेटं. मग पुन्हा पराठे. तिघी बायका सूर्य बुडून मगरिबची अजान होईपर्यंत हलल्या नाहीत. चहात आलं किती ठेचायचं हेही चेट्टनला शिकवून झालं, आणि शिकवणारी माझी बायको त्याची चेची, म्हणजे थोरली बहीण, झाली. चेट्टन असा फुलला होता की त्या दिवशी खुद्द सुलतानाच्या गाडीने हॉर्न मारला असता तरी त्याला ऐकू गेला नसता.

टेबल वाचलं! फ्रीज दाराबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही विजयी वीरांसारखे आत शिरलो, तर टेबलाभोवती फुलाफुलांचा पडदा, आणि त्यावर पाटी: 'फॅमिली'. जिथे बायकामुलं बसतात तिथे एकट्या पुरुषाने बसायचं नाही, हा तिथला दुसरा रिवाज. तो आम्ही साफ विसरलो होतो.

"चेट्टन, अरे हम हैं!"

"बॅचलर बाहर."

"बॅचलर? माझं लग्न होऊन पोरीचं बारसंही झालंय! फॅमिली है मेरा!"

"मालूम. अंदर बैठा है."

पडद्याआडून ओळखीचं हसू आलं. मी पडद्याला हात घातला, तर चेट्टन आडवा.

"चेची बोला, मीटिंग चालू है."

तेव्हापासून आम्ही तिघे माझ्या गाडीत. मागे मालवणवाला, शेजारी नागपूरकर, आणि दोन्ही बाजूंना हॉर्न असे की कोणाचं वाक्य कोणाला कळेना. मी हॉर्न मारला. चेट्टन चहा घेऊन आला. घोट घेतला तर साखरच नाही.

"चेट्टन, माझा हॉर्न काय कोरडा वाजतो?"

"हॉर्न अच्छा है," तो म्हणाला. "चेची बोला."