कोपऱ्यातला काटा

जुन्या गाडीतलं पेट्रोल आत्या कमरेने मोजायची. त्या गाडीचा काटा कधीच मेला होता. निघण्यापूर्वी गाडीला बाजूने कमरेचा एक धक्का द्यायचा, टाकीत डुबुक वाजलं की देवाचं नाव घेऊन निघायचं. दवाखान्यातली नोकरी संपली तरी टेकडीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जाऊन इंजेक्शन देणारी, जखमा धुणारी ती एकटीच. तिथे सगळे तिला सिस्टर म्हणत. आत्या म्हणणारी फक्त तिची भाची.

ती गाडी शेवटी बसलीच, तेव्हा भाचीने स्वतःची हायब्रिड तिला देऊन टाकली. चावी देताना अट घातली.

"रस्त्यात कुठे अडकलीस तर चावी परत. मग तू घरी बसायचं."

"घरी बसून काय करू? भिंतींना इंजेक्शनं देऊ?"

"अट म्हणजे अट, आत्या."

नवी गाडी सिग्नलला थांबली की चिडीचूप. पहिल्या दिवशी बंद पडली समजून आत्याने तिथेच हात जोडले, तर ब्रेकवरचा पाय निघताच गाडी आपली निघाली. धक्का देऊन पाहिलं, पण हिची टाकी काही बोलेना. मग आत्याने समोरच्या पडद्याचा अभ्यास मांडला. मधोमध हिरव्या पट्ट्या. चढावर त्या कमी व्हायच्या आणि उतारावर पुन्हा भरायच्या! तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी, त्यामुळे घरी पोचताना पट्ट्या रोज काठोकाठ. खर्चून वाढणारी वस्तू आजवर तिला एकच ठाऊक होती, विद्या. आता ही दुसरी.

"पेट्रोल घरचंच बनवते ही," ती टेकडीभर सांगत सुटली.

उजव्या कोपऱ्यात एक छोटा काटा होता. जुन्या गाडीत त्या जागी इंजिनच्या तापाचा काटा असायचा, आणि याच्या शेजारचं चित्रही चष्म्याशिवाय थर्मामीटरसारखंच दिसे. काटा रोज थोडा खाली येई. जन्मभर नर्सचं काम केलेली बाई ती, ताप उतरताना बघून तिला बरंच वाटायचं. काट्याखालचा किलोमीटरचा आकडा मात्र भारी लहरी. चढावर भराभर घसरायचा, उतारावर सावरायचा. त्याचं कोडं काही सुटेना.

एका सकाळी टेकडीवरचे तिचे म्हातारे पेशंट घड्याळजी यांच्या दारात गाडी उभी करताना पिवळा दिवा लागला. लहरी आकडा शून्यावर. काटा तळाला. हिरव्या पट्ट्याही दोनच.

"घड्याळजी, जरा बाहेर येता का? पेशंट आणलाय."

घड्याळजी काठी टेकत आले. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून पडद्यावर वाकले, आणि खुदकन हसले.

"सिस्टर, हा थर्मामीटर नाही हो. पेट्रोलपंपाची नळी आहे."

आत्याने पर्समधून चष्मा काढला. नळीच होती.

"म्हणजे ताप नाही, पेट्रोल उतरत होतं! आणि या पट्ट्या?"

"बॅटरी. उतारावर भरते म्हणता ना? चाकांच्या जोरावर भरत असणार. पण तेवढ्यावर फार लांब जायचं नाही."

"आणि हा लहरी बाबा?"

"तो मोजत नसावा, अंदाज बांधत असावा. चढावर गाडी ढसाढसा पिते, म्हणून तो धास्तावतो. उतारावर निवांत होतो."

आत्या मनात म्हणाली, म्हणजे आमच्या डॉक्टरांसारखाच, मागचं बघून पुढचं सांगणारा. पण आता पुढचं काय? भाचीला फोन केला तर चावी गेली. पंप खाली पायथ्याशी, आणि तिथवर सगळा उतार. तिने आधी घड्याळजींना इंजेक्शन दिलं. मग देवाचं नाव घेऊन गाडी वळवली.

उतारावर तिने पाय अगदी हलका ठेवला. पट्ट्या एकेक करून भरत गेल्या. शून्य काही हललं नाही. शेवटच्या वळणानंतर पंप दिसला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. टाकी भरली, तसा काटा टुणकन वर आला.

तिथूनच तिने भाचीला फोन लावून सगळं सांगितलं. थर्मामीटरसुद्धा.

"अडकलीस का पण?"

"नाही."

"मग अट मोडली नाही. चष्मा कुठे होता?"

"पर्समध्ये."

"चावी ठेव तुझ्याकडे. पण चष्मा तिच्या जुडग्याला बांध. चष्मा नाही तर गाडी नाही."

आत्याने तिथेच पंपावरच्या पोऱ्याकडून सुतळी मागून घेतली.