पांढऱ्या पोलक्यावर कोळसा

आमच्या गल्लीतल्या आत्याइतकी दुसऱ्याच्या कामाचा सत्यानाश करणारी बाई अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाली नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आणि मानवतच्या आमच्या गल्लीत त्या काळी जी काही कामं तडीला गेली ती सगळी त्या एकाच बाईमुळे गेली, हेही मला दात-ओठ खात कबूल करावं लागतं. आत्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. उंच, काटकुळी, पदर कायम खोचलेला, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाणारी, आणि घरी येताना केसांत कापसाचे धागे घेऊन येणारी ही बाई सगळ्या गल्लीची आत्या होती. एखाद्या घरात काम ठरलंय पण सुरू झालेलं नाही, हे तिला वासानं कळायचं. मग ती तुमच्या घरात शिरायची, ते काम तुम्हाला न विचारता सुरू करायची, असं वेडंवाकडं सुरू करायची की पाहणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा, आणि तसंच टाकून निघून जायची. वर कुणी जाब विचारला तर तिचं उत्तर ठरलेलं. "सुरू तर झालं का न्हाई?"

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते तेव्हा मी लग्न होऊन मानवतला आले. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घराची पुढची भिंत चुन्यानं पांढरी करायचा ह्यांचा बेत माझ्या लग्नाच्याही आधीचा होता. चुना आणलेला होता, मडक्यात भिजवलेला होता, फक्त "एकदा निवांत बसून" करायचं राहिलं होतं. एके दिवशी आत्या कामावर जाता जाता आत आली, केरसुणी मडक्यात बुडवली आणि दारापासून खिडकीपर्यंत भिंतीवर असा एक तिरपा फटकारा ओढला की जणू भिंतीला कुणी थोबाडीत मारलीय. केरसुणी तिथंच टेकवली आणि गेली. शाळेत जाईपर्यंत ह्यांना तिघा-चौघांनी विचारलं, "काय मास्तर, नवी फॅशन काढली का?" संध्याकाळी मास्तर बनियनवर, केसांत चुन्याची ढेकळं घेऊन, आत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत शिडीवर उभे होते. अंधार पडायच्या आत भिंत पांढरी झाली.

बुद्धविहारापुढच्या ओट्याचंही तेच. ओट्याची उंची किती असावी यावर गल्लीतल्या पुरुषांच्या इतक्या बैठका झाल्या की तेवढ्या वेळात दुमजली इमारत उभी राहिली असती. आत्यानं काय करावं? ओट्यासाठी आणून कडेला रचलेले दगड उचलले आणि ऐन रस्त्याच्या मधोमध मांडले. म्हणे, "इथून धरा ओटा." बाजाराकडं निघालेली कापसाची गाडी अडकली, गाडीवान शिव्या द्यायला लागला, बैलांनी तिथंच बसकण मारली. गल्लीतले यच्चयावत कर्ते पुरुष धावले. एकदा दगड हातात आल्यावर ते पुन्हा कडेला रचण्यापेक्षा ओटा बांधणं सोपं, हे त्यांच्या लक्षात आलं. आजही त्या ओट्यावर बसून तीच माणसं सांगतात, "आमी बांधला." मला संताप येतो.

खुद्द आत्याचं घर मात्र पाहवत नसे. मागची भिंत अर्धी, दाराला कडी नाही, चुलीचा एक कान गेलेला. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, जगाला कामाला लावता, अन् तुमचं स्वतःचं?" तर तंबाखू मळता मळता म्हणाली, "माझं मला कोण बिघडवून देणार गं?"

आता माझी गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला माझीच कीव येते. मी तेव्हा जेमतेम विशीची, परभणीला शिवणाचा क्लास पुरा केलेली, आणि माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या पायमशीनची मालकीण. काय माझा तो तोरा! चार बायका जमल्या की मी मुंढा, योक, दंडघेर असे शब्द तोंडावर फेकायची. मशीनला भरतकाम केलेलं आच्छादन होतं. रोज सकाळी ते काढायचं, मशीन पुसायचं, तेल पाजायचं, आणि पुन्हा आच्छादन घालायचं. इतकं तेल प्यायलेलं आणि इतकं कमी चाललेलं मशीन जगात दुसरं नसेल. कुणी कापड आणलं की मी म्हणायची, आज उजेड बरा नाही. आज बॉबिन कुरकुरतंय. एकदा तर मी अमावस्या आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडं अमावस्या-बिमावस्या कुणी मानत नव्हतं, पण कामाला सुट्टी मिळणार असेल तर मी मानायला तयार होते! खरं कारण एवढंच, की क्लासमध्ये मी कागद कापले होते. माणसाच्या कापडाला कात्री लावायची म्हटलं की मी कात्रीच परत पेटीत ठेवायची. एकदा कापलेलं पुन्हा जोडता येत नाही, एवढा एकच धडा मी पक्का शिकून आले होते.

ही बातमी गंगाखेडला पोचली. तिथं सासरे थोरल्या दिराकडं राहायचे. थोरल्या जाऊबाई हातशिलाईवर गावाचे कपडे शिवायच्या आणि माझ्या मशीनवर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. सासरे माणूस न्यायाचे, आणि न्यायी माणसासारखा ताप दुसरा नाही. ते आले, आच्छादनाखालचं मशीन बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, एकीचं हात सुईनं भोसकायलेत आन् दुसरीनं मशीन देव्हाऱ्यावानी मांडलंय. मी शांताच्या लग्नाला येणार हाय. तवर चाललं तर तुझं. न्हाई तर जाताना यष्टीच्या टपावर टाकून नेतो." मी मान हलवली. रात्रभर रडले. सकाळी उठून मशीन पुसलं.

शांता म्हणजे शेजारची मुलगी, आणि तिच्या लग्नाचं पोलकं माझ्याकडंच आलेलं! आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, तेव्हा पोलक्याचं कापडही पांढरंशुभ्र पॉपलीन. शांताच्या आईनं माझ्या तोंडच्या मोठ्या मोठ्या शब्दांवर भाळून ते मला दिलं होतं आणि मापाला शांताचं जुनं पोलकं. मी रोज हात धुऊन ते कापड पेटीतून काढायची, मांडीवर घ्यायची, आणि डाग लागेल म्हणून परत पेटीत ठेवायची. लग्न अगदी तोंडावर आलं.

अशात एके दिवशी आठवडी बाजार होता, म्हणून जिनिंगला सुट्टी. भर दुपारी आत्या दारात.

"काय करायलीस, मास्तरीणबाई?"

"विचार करायले."

"कशाचा?"

"गळ्याचा. गोल ठेवावा का चौकोनी."

"शांताला गळा हाय ना? मग झालं तर." असं म्हणून बाईनं माझ्या मांडीवरचं कापड ओढलं, जमिनीवर अंथरलं, वर जुनं पोलकं पसरलं आणि चुलीतला विझलेला कोळसा घेऊन त्याच्या कडेनं ओढायला लागली. पांढऱ्याशुभ्र पॉपलीनवर! कोळसा!

"आत्या! अहो, खडू हाय माझ्याकडं!"

"पांढऱ्यावर पांढरा खडू दिसंल का? शिकलेल्या मान्सांचं डोकंच चालत न्हाई." आणि मी झडप घालेपर्यंत तिनं कात्री घेतली आणि खांद्यापासून सुरुवात करून थेट छातीच्या मध्यापर्यंत कर्रर्र कापत गेली. रेघ एकीकडं, कात्री भलतीकडं. मग अचानक थांबली, कापडाकडं मान वाकडी करून बघितलं, कात्री माझ्या हातात दिली आणि उठली. "सुरू झालं. आता चालू दे. मला शेंगा फोडायच्या हायत."

मी किंचाळले. मग रडले. मग तिला अशा शिव्या घातल्या की मास्तरीणबाईंच्या तोंडी त्या आहेत हे गल्लीला पहिल्यांदाच कळलं. शांताच्या आईला हे कापड दाखवायची सोय नव्हती, आणि दुसरं आणायची माझी ऐपत नव्हती. पण एक विचित्र गोष्ट घडली होती. कात्रीची भीतीच गायब. बिघडवायचं आता काही शिल्लकच नव्हतं ना! त्या बयेनं सगळं बिघडवून टाकलं होतं. मी केलं ते थोडंफार बरंच होणार होतं. मी कात्री उचलली, तिची ती वेडीवाकडी चीर आडवी सरळ करून घेतली, वरचा भाग वेगळा कापला, खाली बारीक चुण्या घातल्या आणि तो वरचा तुकडा योक म्हणून चुण्यांवर बसवला. मग मशीनवर बसले. पायाच्या प्रत्येक दाबाला एक शिवी, अशी टीप धावत होती. एक बाही उलटी लावली, उसवली, परत लावली, शिव्यांना खळ नव्हता. दिवेलागणीला पोलकं तयार झालं. साबणानं धुतल्यावर कोळसाही गेला. काखेत एक राखाडी सावली राहिली ती राहिलीच. शांतानं सबंध लग्नात हात वर केला नाही म्हणून निभावलं.

आणि लग्नाआधीच पोलकं पाहून बायका काय म्हणाल्या असतील? "अगं बाई, चुण्या! परभणीची फॅशन दिसायलीय!" लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या दारात कापडं घेऊन रांग. सासरे पिशवी घेऊन आले तेव्हा मी मशीनवर होते, उठायलाही फुरसत नव्हती. ते बाहेर बाजेवर बसले आणि बराच वेळ नुसता खडखडाट ऐकत राहिले. मग पिशवीतून सुतळीचं भलंमोठं बंडल काढलं. मशीन टपावर बांधायला जाऊबाईंनी मोठ्या आशेनं दिलेलं. ते माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "राहू दे इथंच. कपडे वाळत घालायला व्हईल." जाऊबाईंनी त्याचा वचपा पुढं जन्मभर माझ्याकडून फुकट पोलकी शिवून घेऊन काढला, तो भाग वेगळा.

लग्नानंतर मी आत्याला गाठलं. "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना? मी घाबरते हे कळलं होतं ना तुमाला?"

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "मुद्दाम कशाला करू बाई? तू येवढा विचार करायलीस, म्हटलं बघावं तरी काय अवघड हाय त्याच्यात." तंबाखू गालात सारून म्हणाली, "लय अवघड हाय की गं."

आता सांगा, मी हिचं करायचं काय? ती फार शहाणी होती म्हणून तिला हात जोडायचे, की नुसती लुडबुडी होती म्हणून तिचं नाव टाकायचं? माझी नात हल्ली तासन्‌तास मोबाइलवर कुणा गुळगुळीत दाढीच्या माणसाचं भाषण ऐकते, कामाला सुरुवात कशी करावी यावर. म्हणते, "आजी, आतून यावं लागतं." मी म्हणते, आतून कशाला, आमच्याकडं ते दारातून यायचं, तंबाखू मळत.

पुढं आत्याच्या लेकाला येलदरीच्या वीजघरात काम लागलं आणि तो आईला घेऊन निघाला. मी काही रडणार नव्हते. तसं ठरवूनच मी स्टँडवर गेले होते. एवढा मनस्ताप दिलेल्या बाईसाठी डोळ्यांतून पाणी काढायला मी काय वेडी आहे? आम्ही दोघी उगाच बाजारभाव, पाऊसपाणी असलं काहीबाही बोलत राहिलो. यष्टी आली. आत्या चढली, खिडकीत बसली, बाहेर डोकं काढून माझ्याकडं बघितलं, आणि एकदम तोंड वेडंवाकडं करून, भलताच बेसूर हुंदका काढून रडायला लागली. सगळा स्टँड बघायला लागला. "अहो आत्या, असं काय..." म्हणेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली आणि यष्टी हलली. पुढचं सगळं मग मलाच करावं लागलं.