काकूंनी न दिलेला आवाज

आमच्या आळीत दिवस सुरू होई तो काकूंच्या आवाजाने. पालिकेच्या घंटागाडीवर वाजणारी सूचना त्यांनी ध्वनिमुद्रित करून दिली होती. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, एवढेच सांगायचे होते. पण काकूंनी ते अशा समजूतदारपणाने सांगितले होते की गाडी पुढे गेल्यावर बादली घेऊन धावणारी माणसे आधी त्या आवाजाची माफी मागत. "आले हो काकू, आले," असे म्हणत एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक रोज जिना उतरत. गाडीत काकू नसत, हे त्यांना अर्थातच माहीत होते.

काकूंचे नाव फार कमी जणांना ठाऊक होते. सत्कार, नाट्यस्पर्धा, आंबा महोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने, सगळीकडचे निवेदन त्यांच्याकडे असे आणि शहरभर त्या नुसत्या 'निवेदनाच्या काकू' होत्या. अंगाने किरकोळ, उंची बेताची, पदर खोचलेला. एकदा मैदानावरचा कार्यक्रम ऐन रंगात असताना वीज गेली. काकू व्यासपीठाच्या कडेला आल्या आणि माइकशिवाय पुढचे निवेदन सुरू केले. ओरडल्या नाहीत. शेवटच्या रांगेत भजी तळणाऱ्या माणसाने झारा बाजूला ठेवून ऐकले. वीज आल्यावर ध्वनिवर्धकवाल्याने विचारले, "काकू, आता कशाला लावू?" काकू म्हणाल्या, "लाव मेल्या, तुझं बिल आयोजक कापतील नायतर."

त्यांची कामाची एक रीत होती. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याला आधी पाहून यायचे. सत्कारमूर्ती बुरोंडीचा असला तर त्या एसटीने बुरोंडीला जाऊन येत. तिथे काही विचारत नसत. ओटीवर बसत, चहा घेत, घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकत आणि परत येत. आयोजक वैतागत. दूरध्वनीवर माहिती मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : "माइक म्हणजे दुसऱ्याच्या घरचा पाट. बस म्हटल्याशिवाय बसू नये, आणि जेवण झाल्यावर अडून राहू नये."

सुमेध हा काकूंचा पुतण्या. पुण्यात संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होता. नोकरी सोडून रत्नागिरीला परतला आणि काकूंच्याच माडीवर स्वतःचा खेळ बनवू लागला. एक मुलगी वडिलांची परत न आलेली होडी शोधत किनाऱ्याने गावोगाव चालत जाते, असा तो खेळ. वाटेत भेटणारी माणसे तिच्याशी बोलतात, ती वाक्ये पडद्यावर उमटतात. मुलगी मात्र बोलत नाही. मान हलवते, हात दाखवते, चालते. चाचणीसाठी ज्यांना खेळ दिला होता त्यांतल्या बऱ्याच जणांनी कळवले की हिला आवाज द्या. सुमेधलाही ते पटू लागले होते. "लोकांना ती दगड वाटते गं काकू. बाप हरवलाय तिचा, आणि तिला काय वाटतं ते कळतच नाही," असे तो म्हणाला होता.

त्याच सुमारास काकूंचा घसा बसला तो सुटेना. औषधे झाली, काढे झाले. शेवटी मुंबईला तपासणी झाली. स्वरयंत्राचा कर्करोग होता. ते काढावे लागणार होते. जीव वाचेल, आवाज जाईल, असे डॉक्टरांनी सरळ सांगितले आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली. मधले काही आठवडे हाती होते.

सुमेधने मुलीचा आवाज काकूंनी द्यावा असे सुचवले ते त्या आठवड्यांत. "निदान तुझा आवाज राहील," तो म्हणाला.

"घंटागाडीवर राहिलाय की," काकू म्हणाल्या.

पण त्या तयार झाल्या. नुसत्या तयार झाल्या नाहीत, त्यांना ते मनापासून हवे होते. शेजारी राहत असल्याने हे जवळून पाहता आले. एरवी कधी स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकायला न थांबणाऱ्या काकू आता सुमेधने मुद्रित केलेला तुकडा पुन्हा लावायला सांगत. बसलेल्या घशातूनही त्या लहान मुलीचा आवाज काढत, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला ती मुलगी नाही अशी शंका येत नसे. 'बाबा, मी आले,' एवढे एक वाक्य होते. ते ऐकून सुमेधची आई स्वयंपाकघरात निघून गेली होती.

रीतीप्रमाणे मुलीला पाहून येणे उरले होते. काकूंनी खेळायला घेतले. कंट्रोलर त्या देवाच्या ताम्हनासारखा दोन्ही हातांत धरत. मुलगी सारखी खाडीत पडे. "अगो, तिकडे कुठे मरायला चाललीस, पाणी आहे!" असे माडीवरून रस्त्यापर्यंत ऐकू येई. पुढेपुढे ती पडेनाशी झाली. काकू तिला होडीच्या फळ्या ओळखायला शिकवत, खाडीपार न्यायला उगाच भाव खाणाऱ्या तरीवाल्याला शिव्या देत, संध्याकाळ झाली की म्हणत, "चल बाय, दमलीस." हा सगळा वेळ मुलगी मुकीच होती; काकूंचा आवाज असलेली आवृत्ती अजून जोडायची होती.

सुमेधने ती जोडली त्या दुपारी काकू जेमतेम एक गाव खेळल्या. पडद्यावरची मुलगी त्यांच्याच आवाजात बोलत होती, उत्तम बोलत होती. काकूंनी कंट्रोलर खाली ठेवला.

"काढ तो आवाज."

"का? छान झालाय."

"छान झालाय म्हणूनच सांगते. इतके दिवस मी तिच्याबरोबर चालत होते. आता ती बोलते नि मी ऐकत बसले. कार्यक्रमाला आल्यासारखी."

"अगं, पण तिला काय वाटतं ते लोकांना कळायला नको?"

"मला कळत होतं की. कोणी सांगितलं होतं?"

सुमेधने पडद्यावरचा खेळ थांबवला. मग त्याने खरी गोष्ट काढली. "काकू, नंतर पुन्हा घेता येणार नाही गं."

"गळा माझा आहे. मला ठाऊक नाही होय?" काकू म्हणाल्या. "तिच्या तोंडात मी जाऊन बसले तर खेळायला येणाऱ्याने बसायचं कुठे?"

निवेदनाच्या व्यवसायात माणसे एका वाक्यासाठी भांडतात, नाव आधी का नंतर यावरून अबोला धरतात. आपला आवाज जिथे सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत मानाने टिकला असता, ती जागा आवाज जायच्या बेतात असताना सोडणारा दुसरा माणूस पाहण्यात आलेला नाही.

पुढच्या दिवसांत काकूंनी वेगळेच काम केले. मुलीला वाटेत भेटणाऱ्या बायकांची जी वाक्ये पडद्यावर नुसती उमटत होती, ती सगळी त्यांनी बोलून दिली. जाळे विणणारी, बर्फ फोडणारी, कुंपणाआडून खेकसणारी म्हातारी, पेज वाढणारी. प्रत्येकीचा गळा निराळा. घसा धरला की गरम पाणी पीत आणि म्हणत, "ह्या कजाग बाईला हाच घसा बरा, घे लवकर." मुंबईला निघायच्या आदल्या दिवसापर्यंत हे चालले. शेवटचे वाक्य झाल्यावर त्यांनी माइकला नमस्कार वगैरे केला नाही. दूध उतू जात होते, ते बघायला गेल्या.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काकू परत आल्या त्या गळ्याला रुमाल बांधून. हातवारे, डोळे आणि टाळी यांवर त्यांचे चालते. रागावलेल्या असल्या की पूर्वीपेक्षा लवकर समजते.

खेळ तयार झाल्यावर सुमेधने तो खालच्या ओटीवर मोठ्या पडद्यावर लावून ठेवला होता. येईल त्याने खेळावे. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी शेवंती एका सकाळी टोपली उतरवून बघत उभी राहिली. काकूंनी खुणेने तिला बसवले. हात पदराला पुसत तिने कंट्रोलर घेतला. "काय गो काकू, ह्या वयात ही थेरं," असे म्हणत म्हणत ती मुलीला घेऊन बंदरापर्यंत आली. धक्क्यावर एक म्हातारी जाळे निवडत होती. तिने वर पाहिले आणि काकूंच्या आवाजात विचारले :

"कोणाची गो तू?"

मुलगी गप्प उभी राहिली. इथे बटण दाबेपर्यंत खेळ पुढे सरकत नाही. तो अवकाश काकूंनीच सुमेधकडून मागून घेतला होता.

"म्हादू तांडेलाची," शेवंती म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. "मिरकरवाड्याची."

शेवंतीला आता सुना आल्या आहेत. तिचा बाप होडी घेऊन गेला तो परत आला नव्हता, हे आळीत सगळ्यांना माहीत होते. त्याचे नाव तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. तिने बटण दाबले. मुलीने म्हातारीकडे पाहून मान हलवली आणि धक्क्यावरून पुढे चालू लागली.

बाहेर टोपलीशी मांजर आले होते. काकूंनी ते हाकलले, टोपलीतल्या बांगड्यांवर ओले फडके सारखे केले आणि शेवंतीला खेळू देत, तिच्याऐवजी मासे घेऊन स्वतःच शेजारच्या दारी विकायला गेल्या.