माझं खलास, तिचं कोर्ट

२००८च्या मंदीत शारजाच्या आमच्या कंपनीने आम्हा दोघी बायकांनाच काढलं. साहेब तोंडावर म्हणाले, "तुमचे नवरे कमावतात ना." दुसरी रत्नागिरीची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. आम्ही दोघींनी लेबर ऑफिसात तक्रार केली. तिथे आधी समेट करायला बघतात. नाही जमला तरच प्रकरण कोर्टात पाठवतात.

मला आधी बोलावलं. कंपनीचा माणूस थोडाफार पगार द्यायला तयार झाला. अधिकाऱ्याने मला विचारलं, "खलास?" म्हणजे मिटलं का. अरबी खलास मी रोज ऐकायचे, पण त्या दिवशी डोकं फिरलेलं होतं. तोंडातून आपलं मराठी निघालं, "खलास. पार खलास झाले मी." त्याला तेवढा एकच शब्द कळला. त्याने तक्रार मिटवून टाकली.

तिने मात्र 'ला' म्हटलं, म्हणजे नाही. तिचं प्रकरण कोर्टात गेलं. आम्ही अल मजाजला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. लिफ्टमध्ये भेटली की म्हणायची, "उद्या माझी तारीख आहे गं," जणू साखरपुड्याचीच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी ती केस हरली. मला क्षणभर बरं वाटलं. मग पुन्हा तोच जळफळाट. तिला हरवायला जज लागला. माझं काम माझ्या मराठीनेच तमाम केलं.